वाढत्या अंगाचा डायव्हिंग सूट

जव्हारला समुद्र नाही. पाचवीच्या मुलालाही हे नकाशावर दाखवता येतं, मी दरवर्षी दाखवून घेते. माझ्या नवऱ्याला मात्र ते अजून मान्य नाही. भर बाजारात, एका बाजूला खताचं दुकान आणि दुसऱ्या बाजूला भांड्यांचं, अशा मधल्या गाळ्यावर त्यांनी पाटी लावली आहे: ‘पाणबुड्यांचे सूट मापाप्रमाणे शिवून मिळतील.’

आमचे उत्तमराव चौदा वर्षं मुंबईला गोदीजवळच्या एका कारखान्यात होते. जहाजांच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायला जे लोक पाण्याखाली जातात, त्यांचे रबरी सूट तिथे शिवायचे. मग परदेशातून तयार सूट यायला लागले आणि कारखाना बंद पडला. बाकीचे कारागीर वॉचमन झाले. आमच्यांनी शिलाईचं जुनं मशीन विकत घेतलं, टेम्पोत घातलं आणि घाट चढून वर आणलं. समुद्र खाली, गिऱ्हाईक खाली, पण बायकोची नोकरी वर आणि गाळ्याचं भाडं कमी, असं त्यांचं व्यापारी डोकं.

खताच्या दुकानवाल्यांचा प्रश्न पहिल्या दिवसापासून तोच असायचा. “बाई, रेनकोट चारशेला मिळतो आणि माणूस कोरडा राहतो. तुमच्या सुटाला अठरा हजार आणि आत पाणी शिरतंच. हे कसं काय?”

मला उत्तर द्यायला लाज वाटायची, कारण पाणी खरंच शिरतं. उत्तमरावांना विचारा, ते अभिमानाने सांगतील की शिरायलाच पाहिजे. थोडंसं शिरतं, कातडी आणि रबर यांच्यामध्ये अडकून बसतं, अंगाच्या उबेने कोमट होतं आणि मग तेच माणसाला थंडीपासून राखतं. फक्त सूट अंगाला घट्ट हवा. कुठे बोटभर जागा राहिली की कोमट पाणी बाहेर जातं, गार पाणी आत येतं, आणि माणूस सूट घालूनही कुडकुडतो.

हे एवढं त्यांनी गिऱ्हाइकाला सांगितलं असतं तर चाललं असतं. पण गिऱ्हाईक किंमत विचारतं आणि हे गोंदापासून सुरू करतात. सत्तावीस तुकडे, प्रत्येकाच्या कडेला तीन वेळा गोंद, दोन हातांच्या मध्ये वाळायला वेळ, मग टाका रबराच्या अर्ध्या जाडीपर्यंतच घालायचा, आरपार गेला तर तिथून पाणी झिरपणार. कारखान्यात मापाचा एकच कागद हजार जणांना लागू, इथे एका माणसाची एकेचाळीस मापं. तिकडे रबर गाड्या भरून येतं, इथे चार-चार ताव आणायचे म्हणून महाग पडतं. पाच दिवसांत एक सूट होतो. हे सगळं खरं आहे. पण ऐकणारा माणूस गोंदाच्या दुसऱ्या हातालाच चहा प्यायला निघून जातो. आणि एखादा चिवट निघाला आणि शेवटपर्यंत बसला, की त्याचीच दया येऊन आमचे साहेब भाव कमी करतात.

दाभोशाचा नीलेश असाच चिवट निघाला.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी तो आला, म्हणून मी दुकानात होते. तेवीस-चोवीस वर्षांचा, काटकुळा, खांद्याला पिशवी. पिशवीतून त्याने काळा सूट काढून टेबलावर ठेवला. मोबाइलवर मागवलेला, चार हजार दोनशेचा.

“शेठ, हा तिसरा,” तो म्हणाला. “याच्यापेक्षा लहान साइज कंपनी बनवतच नाय.”

नीलेश मुंबईला जहाजं साफ करणाऱ्या एका ठेकेदाराकडे रोजावर होता. पोहायला तो दाभोशाच्या डोहातच शिकला, दम मोठा, हात चपळ. पण पाण्याखाली वीस-पंचवीस मिनिटं झाली की त्याचे दात वाजायला लागायचे आणि हातातून खरवडायचा पत्रा सुटायचा. सुपरवायझरने सांगितलं होतं की पंधरा जानेवारीला चाचणी. नव्वद मिनिटं सलग खाली राहिला तर कायम, मेसमध्ये जेवण, झोपायला खोली. नाहीतर गावाला जाऊन भात लाव.

“बाकीचे पोरं राहतात दीड-दीड तास,” नीलेश म्हणाला. “त्यांना बसतो ना हा सूट. मनाच नाय बसत.”

उत्तमरावांनी त्याला तो सूट घालायला लावला. छातीपाशी धरलं तर मुठीत मावेल एवढं रबर हातात आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी लगेच छताकडे पाहिलं, कारण आता भाव कमी होणार हे मला कळलं होतं. अठराचे चौदा झाले. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला, तर साडेतेरा झाले. त्यानंतर मी पाय आवरला.

अडचण एकच होती. वसईच्या दोन सुटांचं काम हातात होतं आणि चाचणीला जेमतेम अडीच आठवडे. म्हणून उत्तमरावांनी पहिल्यांदाच मापं घेण्याचं आणि कापण्याचं काम हिराबाईंवर सोपवलं.

हिराबाईंना जव्हारमध्ये कोण ओळखत नाही? तीस वर्षं त्यांनी शाळेचे गणवेश शिवले. आमच्या शाळेतली निम्मी पोरं त्यांच्याच हाताखालून गेली. अलीकडे गणवेश तयार यायला लागले, त्यांचं काम सुटलं, तेव्हा आम्ही त्यांना दुकानात बोलावलं. कात्री अशी चालवतात की रबरसुद्धा लोण्यासारखं कापलं जातं. त्यांनी नीलेशला उभा केला, हात वर, हात खाली, श्वास घे, श्वास सोड, बस, ऊठ, अशी एकेचाळीस मापं घेतली आणि मध्येच विचारलं, “सकाळी काय खाल्लंस?”

“चहा.”

“चहा काय खातात?” असं म्हणत त्यांनी स्वतःच्या डब्यातली भाकरी त्याच्या हातात ठेवली आणि मगच कंबर मोजली.

आठ दिवसांनी सूट तयार झाला. आता उत्तमरावांची एक पद्धत आहे आणि तिच्यापायी मला अनेकदा घर सोडून जावंसं वाटलं आहे. सूट ज्याचा त्याने तो घालून यांच्यासमोर पाण्यात बसल्याशिवाय हे तो देत नाहीत. पिंपात नाही, खऱ्या गार पाण्यात, गळ्यापर्यंत, पाऊण तास. वसईवाले तर चिडतात, आम्हाला समुद्र आहे म्हणतात. तरी यांना पटत नाही.

म्हणून पाच जानेवारीच्या सकाळी उत्तमराव, हिराबाई आणि मी जीपने दाभोशाला गेलो. पायऱ्या उतरून डोहापाशी पोचलो तेव्हा उन्हाचा पत्ता नव्हता. नीलेशची आई सुकी आधीच येऊन खडकावर बसली होती. तिने सूट उलटसुलट करून पाहिला.

“येवढं सगळं घालून पाण्यातच बसायचं?” तिने मला विचारलं.

“हो.”

“मग उघडाच बसू दे ना. फुकटात होईल.”

नीलेश आडोशाला गेला आणि एका मिनिटात सूट घालून बाहेर आला.

उत्तमरावांचा चेहरा तिथेच पडला. मला काही समजलं नाही, मी तर खूश झाले होते की चला, बसला बाई. पण बरोबर मापाचा सूट कधीच एका मिनिटात अंगात जात नाही. दहा-पंधरा मिनिटं ओढाताण होते, माणूस घामाघूम होतो, शिवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. नीलेश मात्र पायजमा चढवल्यासारखा तयार होऊन उभा होता.

“बस पाण्यात,” उत्तमराव म्हणाले.

तो बसला, आणि आमच्या डोळ्यांदेखत फुगायला लागला. आधी पोट, मग दंड, मग मांड्या. पाच मिनिटांत आमचा काटकुळा नीलेश चांगला खात्यापित्या घरचा दिसायला लागला. सुकीने तोंडावर पदर धरला. बाराव्या मिनिटाला त्याचे दात वाजायला लागले. बाहेर आला तेव्हा दोन्ही घोट्यांतून नळ सोडल्यासारखं पाणी वाहत होतं.

“मस्त आहे, शेठ,” तो कुडकुडत म्हणाला. “लय आरामशीर. कुठं आवळत नाय.”

मी खोटं कशाला बोलू? मला वाटलं, सुटलो. गिऱ्हाइकाला आवडला आहे, पैसे रोख मिळालेले आहेत, घ्या जीप आणि चला घरी. मी तसं म्हटलंसुद्धा. उत्तमरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, की नववीच्या वर्गात कॉपी करताना मीच सापडले होते जणू.

त्यांनी टेप काढली. नीलेशची छाती एकोणतीस. सुटाची तेहतीस. कंबर, मांडी, दंड, जिथे टेप लावावी तिथे सूट मोठा, आणि गंमत म्हणजे सगळीकडे अगदी बेताने, हिशेबाने मोठा. म्हणूनच शिवताना तुकड्याला तुकडा जुळत गेला होता आणि यांना शंका आली नव्हती.

“हिराबाई,” उत्तमराव हळूच म्हणाले, “मापं चुकली का?”

हिराबाईंना रागच आला. “तीस वर्षांत माझं माप चुकलं नाही. मी ठेवलीय ती जागा.”

“कसली जागा?”

“वाढत्या अंगाची! पोराकडे बघा दादा. हे काय कायमचं असं राहणार आहे? दोन घास पोटात जायला लागले, लग्न झालं, की अंग भरेल. साडेतेरा हजारांची वस्तू, पुढच्या वर्षी आखूड झाली तर कुणाला म्हणतील? हिराबाईलाच ना? म्हणून छातीला चार, कमरेला तीन ठेवले. गणवेशाला नेहमी ठेवते तसे.”

जव्हार-मोखाड्यात एकही आई अशी नसेल जिने शिंप्याला ‘वाढत्या अंगाचं शिवा’ म्हटलं नसेल. माझ्या वर्गातली पोरं जूनमध्ये बाह्या दुमडून येतात. दुमडलेल्या बाह्या बघून मला नेहमी बरंच वाटत आलेलं आहे. पण पाणबुड्याला बाह्या दुमडून चालत नाही.

“बरोबर केलं बाईंनी,” सुकी म्हणाली. “पोर वाढंलच.”

उत्तमरावांनी तिथेच, खडकावर, हिराबाईंच्या पिशवीतली कात्री घेतली आणि सूट गळ्यापासून कमरेपर्यंत कापला.

मी किंचाळले. पाच दिवसांचं काम! मी म्हटलं, अहो, आत घ्या, उसवा, चिमटा घाला, माझे ब्लाउज नाही का होत? ते म्हणाले, एकदा चिकटवलेलं रबर सोडवून पुन्हा चिकटवलं की ती शिवण चार महिन्यांत तोंड उघडते, आणि ती दुकानात उघडणार नाही, जहाजाखाली उघडेल. मी म्हटलं, मग नवीन रबर कुठून आणणार? ते म्हणाले, वसईवाल्यांचं आहे. मी म्हटलं, आणि वसईवाले? ते म्हणाले, त्यांच्याकडे समुद्र आहे, थांबतील.

जीपमध्ये परत येताना मी मनात ठरवून टाकलं होतं की या गाळ्यात आता मोबाइलचं दुकान टाकायचं आणि हिराबाईंना हात जोडायचे.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी हे सांगायलाच दुकानात गेले. टेबलावर नवं रबर पसरलेलं होतं, त्यावर खडूची रेघ होती आणि हिराबाई कात्री घेऊन उभ्या होत्या. मला वाटलं होतं, उत्तमराव स्वतः कापतील. पण त्यांनी कापायला हिराबाईंनाच सांगितलं होतं आणि स्वतः बाजूला स्टुलावर बसले होते.

हिराबाईंनी कात्री रेघेवर ठेवली. ती आपोआप दोन बोटं बाहेर सरकली. त्यांनी परत आणली, परत सरकली. तीस वर्षांची सवय हातात भिनलेली. तिसऱ्या वेळेला त्यांनी कात्री टेबलावर ठेवली आणि डोळ्यांना पदर लावला.

“नाही होत माझ्याच्यानं,” त्या म्हणाल्या. “एवढी पोरं मापली मी. सगळी अशीच, हाडं मोजता येतील अशी. प्रत्येकाला वाटायचं, ठेवू थोडी जागा, भरेल पुढच्या वर्षी. कुणाची भरली, कुणाची नाही भरली. पण जागा ठेवली मी. आता रेघेवर कापायचं म्हणजे पोराला तोंडावर सांगायचं, की बाबा तू एवढाच राहणार.”

मला एकदम भरून आलं. मोबाइलच्या दुकानाचं मी जे घोकत आले होते, ते मी तिथेच सोडून दिलं.

उत्तमराव उठले. गोंदावर तासभर बोलणारा हा माणूस, पण त्या दिवशी दोनच वाक्यं बोलला. “हिराबाई, आधी त्याला उबेत ठेवू. मग वाढेल तो.”

हिराबाईंनी नाक पुसलं, कात्री उचलली आणि अगदी रेघेवर कापलं. सत्तावीसच्या सत्तावीस तुकडे.

पुढचे चार दिवस शाळा सुटली की मी दुकानात. दोघांना हात पुरेनात, म्हणून गोंदाचं काम माझ्याकडे आलं. पहिला हात दिला, वाळू दिला. दुसरा दिला, वाळू दिला. तिसऱ्या हाताला मी म्हटलं, दोन पुरे की, कोणाला दिसणार आहे? उत्तमरावांनी आधीचा एक जुना तुकडा दिला, दोन हातांवर चिकटवलेला. मी ओढला, सुटला. तीन हातांचा दिला. मी ओढला, पाय लावून ओढला, शेवटी दार धरून ओढला. दाराची कडी हातात आली, शिवण काही सुटली नाही. इतकी वर्षं हे माझ्यापुढे गोंदाचं पुराण सांगत होते आणि मी एक शब्द कानावर घेतला नव्हता, याची मला मनापासून लाज वाटली. किंमत सांगायची लाज मात्र त्या दिवशी गेली. संध्याकाळी खतवाल्यांनी नेहमीचा रेनकोटचा प्रश्न विचारला, तेव्हा मी गोंद लागलेल्या हातांनीच म्हटलं, “अठरा हजार. बसा, सांगते.” ते बसले नाहीत, पण पुन्हा विचारलंही नाही.

अकरा तारखेला पुन्हा दाभोसा, पुन्हा डोह. या वेळी नीलेशला सूट घालायला सतरा मिनिटं लागली. एका पायाशी मी, एका बाहीशी हिराबाई, मागून चेन ओढायला उत्तमराव.

“अहो मारता काय पोराला!” सुकी ओरडत होती. “मागचा चांगला होता. त्याच्यात दोन नीलेश बसले असते!”

“शेठ, श्वास घेता येत नाय,” नीलेश म्हणाला.

“छान,” उत्तमराव म्हणाले. “पाण्यात गेलास की सैल वाटेल.”

तो पाण्यात बसला. कुठेही फुगला नाही. मी घड्याळ धरलं. बारा मिनिटं झाली, आम्ही चौघंही त्याच्या दातांकडे पाहत होतो. पंचवीस झाली. सुकीने खडकावरून दोनदा हाक मारली, त्याने दोनदा हात हलवला. पाऊण तासाने उत्तमराव म्हणाले, “ये बाहेर.”

“बसू दे ना, शेठ,” नीलेश म्हणाला. “किती दिवसांनी थंडी नाय वाजत.”

आम्ही त्याला बसू दिलं. आम्ही काठावर शाली गुंडाळून कुडकुडत होतो आणि तो पाण्यात डोळे मिटून बसला होता, सुट्टीवर आल्यासारखा. तासाभराने तो वर आला तेव्हा सुकी उठली, त्याच्या गळ्यापाशी रबरात दोन बोटं घालून पाहिली आणि तशीच उभी राहिली.

“गरम हाय,” ती मला म्हणाली. “आत गरम हाय पोर.”

पंधरा तारखेला मी शाळेत काय शिकवलं ते मला आठवत नाही. चारला सुटले ती तडक दुकानात आले. उत्तमराव वसईच्या सुटावर वाकले होते आणि टाका एकही घालत नव्हते. हिराबाई कात्रीला धार लावत होत्या, कात्रीला धारेची काही गरज नव्हती. पाचला फोन वाजला. उत्तमरावांनी तो टेबलावर ठेवला आणि स्पीकर लावला.

“शेठ, एक तास पन्नास मिनटं!” नीलेश ओरडत होता, मागून बोटींचे भोंगे ऐकू येत होते. “सुपरवायझरच बोलला, आता वर ये, आमची जेवायची सुट्टी चालली. कायम केलं, शेठ! तो विचारतो, सूट कुठचा? मी बोललो जव्हारचा. तो बोलला, जव्हारला कुठं समुद्र आहे?”

चौदा वर्षं मुंबईत राहिलेला माणूस, नुसता मशीनवरून हात फिरवत बसला. मीच काहीतरी बोलले, शाब्बास वगैरे, शाळेत बोलते तसं. हिराबाईंनी मला बाजूला सारलं आणि फोनवर वाकल्या.

“नीलेश, जेवण देणार म्हणाले होते ते खरं का?”

“हो मावशी. आजपासून सुरू. दोन टाइम. संध्याकाळी मच्छी असते.”

“भात किती देतात?”

“पाहिजे तेवढा.”

“चपाती?”

“ती पण. कोण मोजत नाय इथं.”

हिराबाईंनी फोन बंद केला. तो त्यांचा नव्हता आणि नीलेशचं बोलणंही संपलं नव्हतं. मग उत्तमरावांकडे वळून म्हणाल्या, “दादा, रबर मागवून ठेवा. दिवाळीला हा सूट त्याला चढणार नाही.”

बोलताना त्यांना हसूही येत होतं आणि रडूही. उत्तमरावांनी मुंबईला फोन लावला आणि वसईवाल्यांच्या रबराबरोबर चार ताव जास्तीचे सांगितले.